टेबलावर धावतो, मैदानात झोपतो!

स्पर्धेला उरलेत नऊ दिवस. वर्कशॉपमध्ये रात्रीचे साडेअकरा. रोबो टेबलावर ठोकळ्यांवर ठेवलाय, चाकं हवेत मस्त गरगरतायत. खाली उतरवला, स्टार्ट दिलं. हातभर पुढे गेला आणि गप्प! पुन्हा स्टार्ट, पुन्हा गप्प.

मग सुरू झाला प्रत्येक टीमला माहीत असलेला खेळ : चूक कुणाची? मेकॅनिकलवाल्यांनी हात झटकले. इलेक्ट्रॉनिक्सवाले म्हणाले, ‘वायरिंग कालच चेक केलंय.’ उरली कोड लिहिणारी सेकंड इयरची ज्युनियर. ‘कोडमध्येच लोचा आहे,’ हे पहिल्यांदा बोललो मी. टीमचा कॅप्टन!

तिनं तीन रात्री जागून कोड नव्यानं लिहिला. रोबो तसाच. चौथ्या दिवशी ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडली. कारण लिहिलं नव्हतं, पण ते सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी लॅब असिस्टंट काकांनी साधा प्रश्न विचारला, ‘टेबलावर चालतो ना? मग टेबल आणि जमीन यात फरक काय?’

फरक वजनाचा! हवेत चाकांवर भार नसतो. जमिनीवर चारही मोटर्स एकदम सुरू झाल्या की क्षणभर प्रचंड करंट ओढतात आणि बॅटरीचं व्होल्टेज खाली बसतं. आमचा कंट्रोलरही त्याच बॅटरीवर होता. तो दर वेळी रीसेट होत होता. मल्टिमीटर ‘बॅटरी ओके’ दाखवत होता, कारण इतका छोटा झटका त्याला पकडताच येत नाही. ऑसिलोस्कोप लावला, तेव्हा स्क्रीनवर खड्डा स्पष्ट दिसला. कोड बिचारा निर्दोष होता.

मी हॉस्टेलच्या गेटवर जाऊन तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, ‘दादा, सॉरी राहू दे. एक वही आण. काय बिघडलं, काय बदललं, काय झालं, सगळं त्यात लिहायचं. एका वेळी एकच बदल. आणि कुणाचं नाव लिहायचं नाही.’

कंट्रोलरला वेगळी बॅटरी दिली. मोटर्सचा वेग हळूहळू वाढेल असा बदल कोडमध्ये तिनंच केला. रोबो धावला! स्पर्धेत आम्ही दुसऱ्याच फेरीत बाद झालो, ती गोष्ट वेगळी. पण परतीच्या ट्रेनमध्ये वहीची सात पानं भरली आणि पुढच्या वर्षीच्या रोबोचं पहिलं स्केचही त्यातच उमटलं.

फेल होणं फक्त आपल्याच नशिबी असतं असं वाटत असेल, तर अमेरिकेतली ‘डार्पा ग्रँड चॅलेंज’ आठवा. २००४ मध्ये मोजावे वाळवंटात विनाचालक गाड्यांची शर्यत झाली. मार्ग सव्वादोनशे किलोमीटरहून लांब. एकही गाडी शेवटपर्यंत पोचली नाही. सर्वांत पुढे गेलेली कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘सँडस्टॉर्म’ १२ किलोमीटरच्या आतच अडकली. २००५ मध्ये पुन्हा शर्यत झाली. तेव्हा पाच गाड्यांनी मार्ग पूर्ण केला. स्टॅनफर्डची ‘स्टॅनली’ पहिली आली आणि दुसरी कोण? तीच सँडस्टॉर्म!

तेव्हा दोस्तहो, तुमचा रोबो बंद पडला तर आधी दोन तास झोपा. मग ‘कुणी केलं?’ऐवजी ‘कधी चालतो आणि कधी चालत नाही?’ हे विचारा. उत्तर बहुतेक वेळा त्या दोन्हींच्या मधेच सापडतं. जळालेला मोटर ड्रायव्हर विकत मिळतो, तुटलेला ब्रॅकेट पुन्हा कापता येतो. ग्रुप सोडून गेलेल्या मैत्रिणीला परत आणायला मात्र कॅप्टनला स्वतःच गेटवर जावं लागतं.