सफ दोन, पंखे वीस
जोहरला मशिदीत दोनच सफ होतात, पण पंखे वीसचे वीस फिरतात. आपण अमरावती-अकोल्याचे लोक, उन्हाळ्यात ४५ अंशांचं ऊन सोसतो. आपल्याच अकोला जिल्ह्यात, पारसच्या केंद्रात कोळसा जाळून वीज तयार होते आणि त्या धुरातला कार्बन डायऑक्साइड हवामानाची उष्णता वाढवतो. ७५ वॅटचे २० पंखे तासाला दीड युनिट खातात. चारच लावले तर फक्त ०.३. म्हणून प्रत्येक सफचं बटण वेगळं करून घेऊ. नवा पंखा घ्यायचाच तर बीएलडीसी घेऊ, तो ३० वॅटच्या आसपास चालतो. वुजूचा नळ बारीक सोडू. टाकी भरायलाही मोटर लागतेच. वाहत्या नदीकाठीसुद्धा पाण्याचा इसराफ नको, ही हदीसची शिकवण आहे. जुम्म्याला सगळे पंखे खुशाल लावू. पण रोज शेवटच्या नमाजीने बटणं बंद करूनच चपला घालाव्यात.