एका घरात दोन कारभारी

आमच्या एकोडीकडची जुनी घरं लांबट. रस्त्याला ओसरी, मग माजघर, मध्ये अंगण आणि अंगणापलीकडे मागचं घर. फायबरची तार येते ती ओसरीत आणि मुलं अभ्यासाला बसतात ती मागे. मधल्या मातीच्या जाड भिंती आणि टिनाची छपरं ओलांडून वायफाय तिथवर पोचत नाही. मग साकोलीहून दुसरा राउटर आणला जातो, अंगणावरून तार ओढली जाते आणि दोन दिवसांत तक्रार सुरू होते. फोनवर रेंज फुल्ल, इंटरनेट मात्र नाही! शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असली की पोरगी साकोलीला जाऊन सेवा केंद्रात पैसे मोजून अर्ज भरते. घरच्या नेटचं बिल भरलेलंच असतं. आणि घरातले म्हणतात, कंपनीच वाईट. नाहीतर म्हणतात, राउटर खराब निघाला, नवा आणा.

बहुतेक वेळा कंपनीही ठीक असते आणि राउटरही. दोघांचं आपसात पटत नाही, एवढंच.

ही रेंज म्हणजे फोन आणि जवळचा राउटर यांच्यातलं अंतर. राउटरपासून पुढे काही आहे की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. विहिरीवर दोर-बादली चांगली असली म्हणून विहिरीत पाणी आहे, असं होत नाही.

आता राउटर करतो काय? पोस्टमन घराच्या पत्त्यावर टपाल टाकून जातो. घरात कोणाचं पत्र कोणतं, हे घरचा कारभारी बघतो. राउटर हा तो कारभारी. बाहेरच्या जगात घराचा पत्ता एकच. आत मात्र प्रत्येक फोनला, लॅपटॉपला, टीव्हीला तो एकेक आतला क्रमांक देतो आणि कोणी काय मागवलं त्याची वही ठेवतो. ही व्यवस्था नाइलाजातून आली. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जगातल्या एकेका यंत्राला एकेक द्यायचा तर ते पुरणारे नव्हते. म्हणून काही आकडे फक्त घरातल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. तो नियम १९९६ सालचा. १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा त्यातलाच. तो तुमच्याही घरी आहे, माझ्याही आणि टोकियोतल्या कुणाच्याही. आतल्या आत असल्यामुळे भांडण होत नाही.

भांडण होतं ते एका घरात दोन कारभारी आले की. बाजारातून आणलेला प्रत्येक राउटर स्वतःला घरातला एकमेव कर्ता समजूनच खोक्यातून बाहेर येतो. मुशायऱ्यात दोन निवेदक एकाच वेळी माइकवर आले तर शायराला कळत नाही, आपलं नाव पुकारलं कोणी आणि जायचं कुठे. फोनचं तसंच होतं.

यात एक गंमत लक्षात घ्यावी. 'आमच्याकडे एकच राउटर आहे' म्हणणाऱ्याच्या घरीही पुष्कळदा दोन असतात. फायबर जोडताना कंपनीचा माणूस भिंतीवर जो डबा ठोकून जातो, तो बहुधा स्वतःच राउटर असतो. दुकानातून आणलेला तो दुसरा.

तपासणीला सुरुवात करायची ती दुसरा राउटर पूर्ण बाजूला काढून. ओसरीत पहिल्या डब्याजवळ उभं राहून नेट चालतं का पाहायचं. तिथेच चालत नसेल आणि डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल असेल, तर फायबरमधून प्रकाशच पोचत नाही. तार कुठेतरी तुटली किंवा वाकली आहे. ते काम कंपनीचं, तुम्ही काही उघडू नका. ओसरीत चालतं आणि मागे चालत नाही, तर दोष घरातच आहे आणि तो घरातच सापडतो. नवा राउटर आणायला धावण्याआधी ही दहा मिनिटं काढावीत.

मग अंगणावरची तार. तीच तार ओसरीत आणून एका लॅपटॉपला लावून पाहा. उंदरानं कुरतडलेली, दारात चेंगरलेली तार वरून धडधाकट दिसते. तांब्याची ही तार १०० मीटरपर्यंत काम देते, आपल्या अंगणाला तेवढं पुष्कळ झालं.

तार चांगली निघाली की पाहायचं, ती दुसऱ्या राउटरच्या कोणत्या भोकात आहे. मागच्या बाजूला एक भोक वेगळ्या रंगाचं असतं, त्यावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेलं. बाकीची 'लॅन'ची. सगळी भोकं दिसायला सारखी, अर्थ वेगळा. वॅन म्हणजे घराचा रस्त्याकडचा दरवाजा, लॅन म्हणजे आतल्या खोल्यांची दारं.

तार वॅनमध्ये असली आणि दोन्ही राउटर आत १९२.१६८.१ हीच मालिका वाटत असले, तर दुसऱ्याचा गोंधळ होतो. रस्त्यावरही तीच आळी, घरातही तीच आळी. टपाल बाहेर न्यायचं की आत, त्याला कळत नाही. काही राउटर शहाणे असतात, ते आपली मालिका आपणच बदलतात. नसेल बदलली तर दुसऱ्याची मालिका १९२.१६८.२ करावी, नेट चालू होतं. मात्र घराच्या दोन वाटण्या होतात. मागच्या फोनला ओसरीतला प्रिंटर सहसा दिसत नाही.

तार लॅनमध्ये असली तर तऱ्हा आणखी विचित्र. दोघेही क्रमांक वाटतात. फोनला जो आधी उत्तर देईल त्याचा क्रमांक मिळतो. पहिल्यानं दिला तर नेट चालतं, दुसऱ्यानं दिला तर तो म्हणतो, बाहेर जायचं ते माझ्यामार्फत, आणि त्याच्याकडे बाहेरची वाटच नसते. त्यामुळे ताईच्या फोनवर चालतं, दादाच्या नाही. सकाळी चालतं, दुपारी नाही. घरात 'नेटचा काही भरवसा नाही' हे वाक्य ऐकू आलं, तर आधी हाच संशय घ्यावा.

इलाज एकच: दुसऱ्याचा कारभार काढून घ्यायचा. मधली तार काढा. फोन किंवा लॅपटॉप फक्त दुसऱ्या राउटरला जोडा आणि त्याचं सेटिंगचं पान उघडा. पत्ता आणि पासवर्ड बहुधा त्याच्या बुडाशी चिकटवलेला असतो. त्यात 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडला की बहुतेक काम झालं. नसेल तर आधी त्याचा स्वतःचा क्रमांक बदला: पहिला १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, आणि पहिला जे आकडे वाटतो त्यांत हा येत नाही ना, ते बघा. मग 'डीएचसीपी' बंद करा. क्रमांक वाटण्याच्या कामाला तिथे हेच नाव आहे. क्रम उलटा केलात तर क्रमांक देणारं कोणी न उरल्यानं तेच पान पुन्हा उघडताना नाकी नऊ येतात. शेवटी तार पहिल्याच्या लॅनमधून दुसऱ्याच्या लॅनमध्ये लावा. (मोड निवडला असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या भोकात.) दोघांवर वायफायचं नाव आणि पासवर्ड सारखा ठेवला तर ओसरीतून मागे जाताना फोन बहुधा आपणच राउटर बदलतो. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल मात्र वेगळे ठेवावेत. १, ६ आणि ११ हे एकमेकांच्या आड येत नाहीत.

एखादा उत्साही मुलगा म्हणतो, वेग वाढेल, दोन तारा लावू. दोन राउटरांच्या लॅनमध्ये दोन तारा लागल्या की सर्वांसाठीचा पुकारा एका तारेतून जातो, दुसरीतून परत येतो, पुन्हा जातो, आणि क्षणात सगळं घर ठप्प. असे फेरे आपोआप तोडणारी पद्धत १९८५ साली अमेरिकेत रेडिया पर्लमन या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी काढली आणि त्या पद्धतीवर चक्क एक कविताही लिहिली. ती त्यांच्या शोधनिबंधात छापलेली आहे. आमच्या कविसंमेलनांत या बाईंचं नाव कधी निघत नाही, निघायला हवं. घरगुती स्वस्त राउटरमध्ये ही पद्धत असेलच असं नाही. तेव्हा तार एकच.

अंगणावरची ती तार तांब्याची आहे, हेही विसरू नये. पऱ्हे टाकायच्या दिवसांत आभाळ कडाडू लागलं की राउटरचे प्लग काढतोच आपण. तारही दोन्ही टोकांनी काढून ठेवावी. जवळपास वीज पडली तर तिचा झटका तारेवाटे दोन्ही डबे जाळू शकतो. काचेच्या फायबरमधून वीज वाहत नाही. दुरुस्तीचा खर्च आलाच, तर अंगणापुरतं फायबर टाकायला काय लागेल, हे दुकानदाराला विचारून पाहावं.