वसंतातले दूरदर्शन

चैत्रातल्या संध्याकाळचे आकाश पहिल्या नजरेला ओकेबोके वाटते. मृग, कृत्तिका पश्चिमेला कललेल्या. आकाशगंगेचा पट्टा क्षितिजालगत. माथ्याकडे मघा आणि उत्तरा फाल्गुनी, पूर्वेला चित्रा, स्वाती. पण दूरचे पाहायचे तर हाच काळ उत्तम. आपली आकाशगंगा थाळीसारखी चपटी आहे. हिवाळ्यात आणि पावसाळ्यात (ढगांनी पाहू दिले तर) आपण थाळीच्या पातळीतूनच, ताऱ्यांच्या व धुळीच्या गर्दीतून पाहतो. वसंतात संध्याकाळी नजर थाळीशी काटकोन करून अरुंधती केशाच्या दिशेने बाहेर पडते. तिथे धूळ विरळ आहे. उत्तरा फाल्गुनीकडून कन्या राशीकडे सरकले की वाटेत हजाराहून अधिक दीर्घिकांचा समूह लागतो. त्याचे अंतर सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे आहे.

टेक्सासमधील मॅकडोनल्ड वेधशाळेत हे सामान्य माणसालाही पाहता येते. १९२६ साली वारलेल्या एका अविवाहित बँकरने विद्यापीठाला वेधशाळेसाठी पैसा ठेवला. नातेवाईक कोर्टात गेले, तडजोड झाली आणि १९३९ मध्ये ८२ इंची दुर्बीण उभी राहिली, तेव्हा जगातली दुसऱ्या क्रमांकाची. तिथे लोकांसाठी नियमित 'स्टार पार्टी' भरते. नाव पार्टी असले तरी पांढरा दिवा लावायला मनाई! डोळ्यांना अंधार सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका मोबाइलच्या उजेडाने ती वाया जातात.

अंधाराचा एवढा आग्रह कशाला, दुर्बीण मोठी आहे ना, असे कुणालाही वाटेल. तारा दुर्बिणीतही बिंदूच राहतो, म्हणून मोठ्या दुर्बिणीत तो अधिक तेजस्वी दिसतो. दीर्घिका पसरट असते. दुर्बीण तिचा प्रकाश जास्त गोळा करते, पण तिचे चित्रही तितकेच पसरवते. त्यामुळे मोठी झाली तरी तिची प्रत नुसत्या डोळ्याला दिसेल त्याहून उजळ होत नाही. शिवाय दिव्यांनी उजळलेले आकाशही त्याच भिंगातून आत येते. म्हणून शहरातून शनीची कडी झकास दिसतात, मरीचीजवळची भोवऱ्यासारखी दीर्घिका मात्र पुसली जाते. माझ्या मते वेधशाळेची खरी मालमत्ता आरशापेक्षा तिच्याभोवतीचा अंधार हीच आहे.

तो राखावा लागतो. तेलक्षेत्रांच्या दिव्यांची झळाळी मॅकडोनल्डच्या क्षितिजावर वाढली, तेव्हा वेधशाळेने तेल कंपन्यांशी बोलून दिव्यांना झाकणे घालण्याचा, त्यांचे तोंड खाली करण्याचा आग्रह धरला. २०२२ मध्ये तो सारा प्रदेश, मेक्सिकोतील काही भागासह, आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश राखीव क्षेत्र ठरला.

आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिल्या 'डार्क स्काय पार्क'चा मान मिळाला. त्यासाठी लगतच्या गावांतले रस्त्यांवरचे दिवे बदलावे लागले. चैत्र अमावास्येच्या आसपास उत्तरा फाल्गुनी तिथेही माथ्याजवळच असते.