बिग ब्लाइंडवरची पंजी-चव्वी

मे २००३. लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा शेवटाला आली होती. ८३९ खेळाडूंपैकी दोघेच उरले होते: मुरलेला व्यावसायिक सॅमी फार्हा आणि टेनेसीचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर. फार्हाने गुलाम-दश्शीवर बोली एक लाख चिप्सपर्यंत चढवली. बिग ब्लाइंडवरच्या मनीमेकरकडे होती पंजी आणि चव्वी, तीही वेगवेगळ्या रंगांची. एरवी सरळ टाकून द्यावीत अशी ही पानं त्याने राखली. टेबलावर दोघांच्या सामाईक पाच पानांपैकी पहिली तीन, म्हणजे ‘फ्लॉप’, उघडली: गुलाम, पंजी, चव्वी. फार्हाची गुलामांची जोडी झाली, मनीमेकरच्या दोन जोड्या. सगळ्या चिप्स मध्ये गेल्या, शेवटचं पान पुन्हा पंजी निघालं आणि तीन पंज्या, दोन चव्व्यांच्या फुल हाउसवर मनीमेकरने २५ लाख डॉलर जिंकले.

पानं अशी उघडली हे नशीब. पण ती राखण्यामागे गणित होतं.

तीनपत्तीत ‘ब्लाइंड’ खेळणं, म्हणजे पानं न बघता पैसे लावणं, ही आपली मर्जी असते. पोकरमध्ये ती सक्ती आहे. प्रत्येक डावात दोघांना पानं हाती येण्याआधीच चिप्स भराव्या लागतात; लहान रक्कम भरणारा स्मॉल ब्लाइंड, मोठी भरणारा बिग ब्लाइंड. ही पाळी टेबलाभोवती फिरत राहते. बिग ब्लाइंडला मोबदला एवढाच की पहिल्या फेरीत तो सगळ्यांच्या शेवटी बोलतो आणि त्याचे काही पैसे आधीच आत असतात.

उदाहरण घेऊ. ब्लाइंड ५०० आणि १,०००, शिवाय वर १,००० चा अँटे, म्हणजे ब्लाइंडखेरीज आधीच भरायची सक्तीची रक्कम. कोणी २,२०० पर्यंत बोली चढवली आणि बाकीच्यांनी पानं टाकली, तर मध्ये ४,७०० चिप्स जमतात. बिग ब्लाइंडला फक्त १,२०० भरायचे असतात. ५,९०० च्या ढिगासाठी १,२००, म्हणजे शंभरात साधारण २० वेळा जिंकलं तरी पैसे वसूल. सर्वांत दरिद्री समजली जाणारी वेगळ्या रंगांची सत्ती-दुर्रीसुद्धा, समोर कोणतीही पानं धरली आणि पाचही पानं उघडू दिली, तर शंभरात सुमारे ३५ वेळा जिंकते. मनीमेकरच्या पंजी-चव्वीलाही गुलाम-दश्शीपुढे एक तृतीयांशाहून थोडी जास्तच संधी होती.

मग सत्ती-दुर्री दर वेळी का खेळू नये? एक तर बोली चढवणाऱ्याची पानं ‘कोणतीही’ नसतात, निवडक असतात. दुसरं म्हणजे पाचही पानं उघडेपर्यंत टिकायचं असतं, आणि फ्लॉपनंतर बिग ब्लाइंडला बोली चढवणाऱ्याच्या आधी बोलावं लागतं. हातातली दोन पानं जोडीची नसतील, तर तीन डावांतून दोनदा फ्लॉपवर जोडीसुद्धा लागत नाही. समोरून पुन्हा बोली आली की पानं टाकावी लागतात आणि कागदावरचे टक्के तिथेच विरून जातात. म्हणून लगतची, एकाच रंगाची पानं जाणकार राखतात: बदामाची छक्की-सत्ती, किलवरची अठ्ठी-नव्वी. त्यांतून सरळ क्रम किंवा एकरंगी पाच पानं जमण्याची आशा असते. पुढची बोली झेलायला काहीतरी कारण उरतं.

तिसरं कारण स्पर्धेचं. रोख खेळातल्या चिप्स उठून वटवता येतात; स्पर्धेत बाद झालं की खेळ संपला, आणि चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसाची अपेक्षा दुप्पट होत नाही. बक्षिसांची यादी सुरू व्हायला एक-दोनच खेळाडू बाद व्हायचे असतील, तेव्हा गमावलेल्या हजार चिप्स कमावलेल्या हजारांपेक्षा जड पडतात. सकाळी स्वस्त वाटलेली तीच पंजी-चव्वी त्या वेळी टाकलेली बरी.

दोघेच उरल्यावर मात्र ही भीती बरीच ओसरते. दुसरं बक्षीस ठरलेलंच असतं. मनीमेकर अगदी त्याच टप्प्यावर होता. पुढच्या वर्षी त्या स्पर्धेला २,५७६ जण आले. हिशेबनिसाला जे जमलं ते आपल्यालाही जमेल, असं त्यांतल्या अनेकांना वाटलं असणार. पण फ्लॉपवरची पंजी-चव्वी सांगून येत नाही. शिकता येतो तो आधीचा हिशेब.