खोलीबाहेरची मुंबई

गिरगाव, परळ, लालबाग आणि दादर या भागांत राहून ज्या पिढ्यांनी मुंबईला आजचे रूप दिले, त्यांच्या वाट्याला राहण्यासाठी बहुतांशी एकच खोली आली. ती दहा बाय दहाची किंवा फार तर दहा बाय बाराची असे. पुढे सामाईक गॅलरी, टोकाला सामाईक नळ, आणि त्या चार भिंतींत स्वयंपाक, अभ्यास, बाळंतपण, आजारपण व पाहुणेरावळे असा सारा प्रपंच आवरून घ्यावा लागे. अशा घरात मित्राला निवांत बसवता येत नाही, पुस्तक उघडून तासभर एकांत मिळवता येत नाही, नवपरिणीत जोडप्याला दोन शब्द मोकळेपणाने बोलता येत नाहीत. म्हणूनच या शहरातील क्लब, उपाहारगृहे, दुकाने आणि नाट्यगृहे यांची गणना निव्वळ चैनीत करणे मला अन्यायाचे वाटते. मुंबईकराला घराने जी जागा नाकारली ती या संस्थांनी त्याला दिली, आणि मुंबईच्या नागर जीवनाचा इतिहास हा पुष्कळ अंशी अशी जागा मिळवण्याचा, राखण्याचा आणि कित्येकदा झगडून घेण्याचा इतिहास आहे.

झगडून घेण्याची गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते ती क्लबांच्या बाबतीत. 1833 साली स्थापन झालेला भायखळा क्लब काय, किंवा 1875 चा बॉम्बे जिमखाना काय, या संस्था राज्यकर्त्यांनी स्वतःसाठी उभारल्या होत्या. एतद्देशीयांना तेथे सभासद म्हणून मज्जाव होता, मग तो गृहस्थ कितीही विद्वान अथवा धनाढ्य असो. त्याला उत्तर म्हणून एतद्देशीयांनी आपापल्या संस्था उभ्या केल्या. पारशी समाजातील धुरीणांनी 1884 मध्ये फोर्टात रिपन क्लब काढला, 1885 मध्ये पारशी जिमखाना निघाला, आणि पुढे हिंदू व इस्लाम जिमखाने समुद्रकिनाऱ्यावर एकमेकांच्या शेजारी उभे राहिले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस निघालेल्या विलिंग्डन क्लबाने युरोपियन व हिंदी अशा दोघांनाही सभासदत्वाची मुभा दिली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. बॉम्बे जिमखान्याच्याच मैदानावर 1933 च्या डिसेंबरात हिंदुस्थानातील पहिला कसोटी सामना खेळला गेला आणि लाला अमरनाथ यांनी शतक ठोकले, तेव्हा ज्या इमारतीत आपल्याला प्रवेश नव्हता तिच्याच अंगणात आपल्या माणसाचा जयघोष करण्याची संधी मुंबईकरांना मिळाली.

परंतु राज्यकर्त्यांचा दरवाजा ठोठावणाऱ्यांनी स्वतःचे दरवाजे सर्वांना उघडे ठेवले होते, असे म्हणता येणार नाही. चर्मकार समाजात जन्मलेल्या पालवणकर बाळू यांच्या गोलंदाजीवर धर्मवार क्रिकेट स्पर्धेत हिंदूंच्या संघाने सामने जिंकले, पण त्यांची योग्यता वादातीत असतानाही कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. तो मान 1923 मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना लाभला. धर्मवार संघांची ती स्पर्धाही 1946 नंतर बंद झाली, आणि ते योग्यच झाले. पुढे 1948 पासून भर पावसाळ्यात चिखलाने माखलेल्या मैदानांवर डॉ. कांगा यांच्या नावाची साखळी स्पर्धा सुरू झाली. दादर युनियन, शिवाजी पार्क जिमखाना आणि आझाद मैदानावर केवळ एका तंबूच्या आधाराने चालणारे कितीतरी क्लब यांनी चाळीतल्या मुलाला बॅट हातात धरायला जागा दिली. मुंबईच्या क्रिकेटची कीर्ती त्या तंबूंवर उभी आहे.

याहूनही साध्या, आणि माझ्या मते याहून थोर, अशा दोन संस्थांचा उल्लेख आढाव्यांतून सहसा राहून जातो. धोबी तलाव, डाबूळ, माझगाव या भागांत गोमंतकातून आलेल्या खलाशांनी, स्वयंपाक्यांनी आणि वादकांनी गावागणिक ‘कूड’ स्थापन केले. दरमहा क्षुल्लक वर्गणी भरून गावच्या माणसाने तेथे यावे, भिंतीलगतच्या रांगेत आपली पेटी ठेवावी, संध्याकाळी वेदीसमोर सर्वांबरोबर प्रार्थनेस उभे राहावे आणि बोट मिळेपर्यंत निर्धास्त असावे, असा तेथील शिरस्ता. गिरणगावात कोकण-घाटावरच्या चाकरमान्यांनी गाववाल्यांच्या खोल्या याच तत्त्वावर चालवल्या. पाळी बदलली की झोपणारेही बदलत, आणि त्याच खोलीत गावकरी मंडळाची बैठक भरून गावच्या शाळेसाठी किंवा देवळासाठी वर्गणी जमे. क्लब या संस्थेचे मर्म जर परस्परांच्या सोबतीत असेल, तर कूड आणि गावकऱ्यांची खोली यांना मुंबईच्या क्लबांत अग्रस्थान द्यावे लागेल. वाचकांच्या बाबतीत तेच काम 1898 साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने आपल्या शाखांमार्फत केले. त्याच्या वाचनालयांतील लाकडी बाकांवर वर्तमानपत्र वाचून लहानाचे मोठे झालेले लोक या शहरात हजारोंनी असतील.

क्लबात शिरण्यासाठी सभासदत्व लागते. इराण्याच्या हॉटेलात शिरण्यासाठी एका चहाचे पैसे पुरत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणच्या याझ्द व केरमान प्रांतांतून आलेल्या मंडळींनी मुंबईच्या नाक्यानाक्यावर आपली हॉटेले थाटली. कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांच्या पदरी पडली, असे सांगतात. कारण काही असो, दोन्ही रस्त्यांना उघडणारी ती जागा हॉटेलास फारच मानवली. धोबी तलावावरील 1904 चे कयानी, ग्रँट रोड स्टेशनसमोरील 1914 चे मेरवान, बॅलार्ड इस्टेटमधील 1923 चे ब्रिटानिया ही नावे सर्वश्रुत आहेत. पण नावाजलेल्यांहून निनावी इराण्यांनीच शहराची अधिक सेवा केली.

आत शिरताच वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, पांढऱ्या संगमरवराची टेबले, भिंतीवर जुने आरसे आणि गल्ल्यापाशी बिस्किटांच्या, नानकटाईच्या काचेच्या बरण्या दिसत. पोऱ्याने ‘एक पानी कम’ अशी आरोळी दिली की दाट चहाचा पेला येई, त्यासोबत ब्रून-मस्का. ब्रूनचे कवच इतके टणक की चहात बुडवल्यावाचून दाताला दाद देत नसे, आणि बुडवल्यावर मस्क्याचे पिवळे थेंब चहावर तरंगू लागत. एकच वर्तमानपत्र पानापानाने वाटून चार अनोळखी माणसे एका टेबलावर वाचीत. जातीने शिवाशीव पाळणाऱ्या समाजात एकाच टेबलाशी, त्याच पेल्यातून, कोणी कोणाला जात न विचारता चहा पिण्याचा परिपाठ या हॉटेलांनी घालून दिला. युनियनचे कार्यकर्ते, नवे कवी, बेकार तरुण आणि परीक्षेला बसलेले विद्यार्थी यांना त्यांनी बैठक पुरवली. आज त्यांतली मोजकीच उरली आहेत; जागेचे भाव आणि मालकांच्या मुलाबाळांनी धरलेल्या निराळ्या वाटा यांनी बाकीची बंद पाडली.

इराण्याच्या जोडीला मुंबईने मराठी जिव्हेसाठीही ठिकाणे निर्माण केली. दादर स्टेशनसमोरील मामा काणे यांचे 1910 सालचे स्वच्छ उपाहारगृह, गिरगावातील तांबे आणि पणशीकर, ठाकुरद्वारची विनय हेल्थ होमची मिसळ, शिवाजी पार्कजवळील प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियूष यांनी घरगुती फराळाला घराबाहेर प्रतिष्ठा दिली. माटुंग्याच्या रामा नायकांनी 1942 पासून केळीच्या पानावर वाढलेल्या उडुपी भोजनाने परगावच्या नोकरदारांची सोय केली. मात्र गिरणी कामगाराचे पोट ज्यांनी खऱ्या अर्थाने सांभाळले, त्या खाणावळवाल्या बाया. एका खोलीत पहाटेपासून चूल पेटवून दहा-पंधरा माणसांचे दोन वेळचे जेवण त्या रांधीत, आणि महिनाअखेर पैसे येईपर्यंत किराणा उधारीवर, सावकारी व्याजाने आणीत. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून याच बायांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. मुंबईच्या खाद्यसंस्कृतीवर लिहिणाऱ्याने हे नाव गाळले तर त्याचा लेख अपुरा समजावा.

बाजारपेठांविषयी थोडक्यात सांगायचे, तर 1869 मध्ये पुरी झालेली, विल्यम इमर्सन यांनी रचना केलेली आणि लॉकवुड किपलिंग यांच्या शिल्पांनी नटलेली क्रॉफर्ड मार्केटची इमारत ही या शहराच्या खरेदीची पूर्वपरंपरा. तिला आज महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. तेथून पायी निघाले की कापडासाठी मंगळदास आणि मुळजी जेठा, सोन्यासाठी झवेरी बाजार, पूजासाहित्यासाठी भुलेश्वर अशी एकेका व्यवसायाची वस्ती लागत जाते, आणि नुसते हिंडण्यानेही मन भरते. पण खरेदी हा सामाजिक व्यवहार कसा असतो, हे पाहायचे तर चैत्र-वैशाखात लालबागच्या मसाला गल्लीत जावे. आधी बेडगी रंगासाठी, संकेश्वरी तिखटपणासाठी, असे मिरच्यांचे प्रमाण ठरते. मग धणे, दगडफूल, तमालपत्र, नागकेशर यांची यादी दुकानदार तोंडपाठ म्हणून दाखवतो. ऊन दाखवलेला, भाजलेला ऐवज डंकावर जातो. तेथे बाया आपल्या मिरच्यांवर नजर ठेवून, नाकाला पदर लावून बसतात, कारण आपला मसाला दुसरीच्या मसाल्यात मिसळता कामा नये. त्या अर्ध्या-पाऊण तासाच्या खोळंब्यात मुलींची लग्ने, सासरची गाऱ्हाणी आणि गावच्या पावसाची खबर यांची देवघेव होते. डबाबंद मसाल्याने श्रम वाचले, ही गोष्ट मला मान्य आहे. ती बैठक मात्र त्या डब्यात मिळत नाही.

नायगावच्या कामगारांनी 1948 मध्ये सहकारी तत्त्वावर काढलेला अपना बाजार हा दुकानदारीतील दुसरा स्तुत्य प्रयोग. वाजवी भाव आणि चोख माप हा गरिबाचाही हक्क आहे, हे त्याने दाखवून दिले. त्याच साली टी. एन. शानभाग यांनी स्ट्रँड चित्रपटगृहाच्या आवारात ग्रंथांचे छोटे दुकान मांडले आणि पुढे फोर्टात नेऊन नावारूपाला आणले. पुस्तक चाळणाऱ्याला तेथे कोणी हटकत नसे. 2018 मध्ये ते बंद झाले, तेव्हा अनेकांना घरातले माणूस गेल्याचे दुःख झाले.

राहिली नाट्यगृहे, आणि येथे मराठी माणसाचा जीव गुंतलेला आहे. 1843 मध्ये सांगलीस नाटकाचा पाया घालणारे विष्णुदास भावे 1853 मध्ये आपली मंडळी घेऊन मुंबईत आले, आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांचे खेळ झाले. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केले, तेही याच नगरीत. परळच्या दामोदर हॉलने 1922 पासून गिरणी कामगारांना प्रेक्षक म्हणून बसवले, इतकेच नव्हे तर नट म्हणून रंगमंचावर उभे केले. 1935 मध्ये जन्मलेल्या मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह गिरगावच्या केळेवाडीत 1964 मध्ये उघडले, आणि पुढच्याच वर्षी दादरचे शिवाजी मंदिर सुरू झाले. दादरच्याच छबिलदास शाळेच्या सभागृहात 1974 पासून अरविंद व सुलभा देशपांडे यांच्या ‘आविष्कार’ने प्रायोगिक नाटकाचा संसार मांडला; दिवसा ज्या वास्तूत मुले पाढे म्हणत, तेथेच संध्याकाळी मराठी रंगभूमीची नवी भाषा घडली.

शिवाजी मंदिराच्या खिडकीवर प्लॅन उघडण्याच्या दिवशी रांगेत उभे राहणे, पाचव्या रांगेतली मधली खुर्ची मिळावी म्हणून खिडकीतल्या गृहस्थाशी आर्जवाने बोलणे, प्रयोगाच्या दिवशी गजरा माळून सहकुटुंब निघणे, तिसऱ्या घंटेसरशी हजार माणसांची कुजबूज एकदम थांबणे आणि मध्यंतरात बटाटावडा खाता खाता पहिल्या अंकावर शेजारच्या अपरिचिताशी वाद घालणे, हा सारा विधी नाटकाचाच भाग आहे. एका खोलीत वाढलेल्या माणसाला आपले दुःख पडद्याआड एकट्याने गिळायची सोय नव्हती. नाट्यगृहाच्या अंधारात, हजारांच्या सोबतीत, त्याला ते मोकळेपणी रडून घेता आले.

1993 मध्ये बंद झालेले रॉयल ऑपेरा हाऊस 2016 मध्ये नव्या तेजाने पुन्हा उघडले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तेवढ्यावर समाधान मानता येत नाही, कारण चाळी जाऊन त्या जागी मनोरे उभे राहत असताना पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा आणि सभागृह ही सारी व्यवस्था भिंतीच्या आत, फक्त रहिवाशांसाठी केली जात आहे. भायखळा क्लबाने 1833 मध्ये जो मज्जाव केला होता तो आता जातीच्या वा वर्णाच्या नावाने नव्हे, तर मालमत्तेच्या नावाने परत येत आहे, आणि त्याला वेळीच हरकत घेतली पाहिजे. प्रत्येक मोठ्या पुनर्विकासात सर्वांना खुले वाचनालय, मैदान आणि परवडणारे रंगमंदिर यांची तजवीज सक्तीची करावी, अशी मागणी नागरिकांनी महापालिकेकडे नेटाने लावून धरावी.

आणि वाचकहो, मागणीबरोबर आपला वाटाही उचलावा. या दिवाळीत एक नाटक तिकीट काढून पाहा, ग्रंथालयाची वर्गणी भरा, उरलेल्या इराण्याकडे मुलांना घेऊन जा, मसाला डंकावर कुटून आणा. ही ठिकाणे गिऱ्हाइकावाचून मरतात, आणि एकदा मेलेले ठिकाण मुंबईच्या जागेच्या भावात पुन्हा उभे राहत नाही.