बाबागाडी घेताय? आधी जिने मोजा!

संध्याकाळचे साडेसहा. ऑफिसातून येऊन चहा झालाय, बाळ झोपून उठलंय आणि टुकूटुकू बघतंय, बाहेर जरा गार वारा सुटलाय. चक्कर मारायला एकदम परफेक्ट टायमिंग! प्रश्न फक्त एकच. आठ किलोचा हा ऐवज तासभर कडेवर घेऊन फिरायचं, की...?

या ‘की’च्या पुढचं उत्तर हल्लीच्या आई-बाबांना पाठ असतं. स्ट्रोलर! आजीच्या भाषेत बाबागाडी. एकेकाळी ती पुण्या-मुंबईकडची किंवा फॉरेन रिटर्न मंडळींची चीज वाटायची. आता जालन्यातही मोतीबागेत संध्याकाळी एखादी तरी दिसतेच. मोबाइलवर दोन-तीन बोटं फिरवली की शंभर मॉडेल्स समोर हजर. रंग मस्त, फोटोतलं बाळ हसरं, आईचे केस एकदम सेट. आणि इथेच आपण फसतो. कारण फोटोत एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे जिना.

माझ्या मावसबहिणीचंच उदाहरण घ्या. ताई जालन्यात बँकेत आहे, भाऊजी एका बियाणे कंपनीत. दोघंही पायाला भिंगरी लावलेले. लग्नानंतर पहिली दोन वर्षं रोज सकाळी वॉक, रविवारी वेरूळ नाहीतर संभाजीनगर, सुट्टी मिळाली की मुंबई. भाची झाली तेव्हा मित्रमंडळींनी काँट्रिब्युशन काढून जंगी गिफ्ट दिलं. थ्री-इन-वन गाडी! बाळासाठी आडवं बास्केट, पुढे सीट, शिवाय कारमध्ये लावायची खुर्ची. दिसायला असली भारी की बारशाला बाळापेक्षा गाडीचेच फोटो जास्त निघाले.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गाडीचं वजन बारा किलोच्या घरात. ताईचं सिझर झालेलं, डॉक्टरांनी बाळापेक्षा जड काही उचलू नका म्हणून बजावलेलं. मग सीन असा की भाऊजी घरी असले तरच गाडी खाली जाणार. ते फॅक्टरीतून येणार आठ वाजता. तोवर अंधार, डास आणि बाळाची भुणभुण. एकदा ताईने हिंमत केली. बाळ शेजारच्या काकूंकडे ठेवलं, गाडी पायरी-पायरीने खाली नेली, परत वर येऊन बाळ घेतलं, खाली आली तोवर घामाघूम. रस्त्यावर दहा मिनिटं फिरली आणि परत तोच सगळा व्याप उलटा! त्यानंतर गाडी गॅलरीत गेली. तिच्या दांड्यावर टॉवेल वाळायला लागले. ‘मी म्हटलंच होतं, आमच्या वेळी कुठे होत्या गाड्या?’ असं सासूबाई दिवसातून एकदा तरी म्हणायच्याच.

फोनवर ताई मला म्हणाली, “गाडीचं जाऊ दे गं, पण मी गेले वीस दिवस एकटी खाली उतरलेली नाही.” तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आपण बोलत होतो बाळाच्या गाडीबद्दल, पण मुद्दा आईच्या बाहेर पडण्याचा होता.

आठवडा लिहून काढा

म्हणून दुकानात जाण्याआधी एक सोप्पं काम करा. तुमचा आठवडा कागदावर लिहा. बाळाला घेऊन कुठे कुठे जाता? कशाने जाता? आणि वाटेत गाडी किती वेळा उचलावी लागते? चाकांवर ती सगळ्यांचीच मस्त पळते हो. खरी परीक्षा उचलताना.

ताईचा कागद असा झाला. रोज: तीन मजले खाली, तीन वर, मधे कॉलनीचा रस्ता. आठवड्यातून दोनदा: रिक्षाने भाजी आणि दवाखाना. महिन्यातून एकदा: संभाजीनगर. दोन-तीन महिन्यांनी: मुंबईला सासरची मंडळी, ट्रेनने. कार? अजून नाही, स्कूटर आहे. म्हणजे कारमध्ये लावायची ती ऐटबाज खुर्ची या घरात येऊन करणार तरी काय होती!

स्कूटरवाल्यांनी इथे जरा थांबावं. पुढे नवरा, मागे बायको, तिच्या मांडीवर बाळ आणि पायाशी घडी घातलेली गाडी, ही सर्कस करू नका. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा सेफ्टी हार्नेस हवा, नऊ महिन्यांपुढच्या बाळाला हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा केंद्राचा नियम आहे. २०२२ मध्ये तो निघाला आणि २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. गाडी न्यायची असेल तर सरळ रिक्षा करा. सीटच्या मागे घडी आरामात बसते. म्हणजे बसणारी घडी असेल तर!

विमानवाल्या आजोबांची छत्री

घडीची ही आयडिया आली कुठून, याची गोष्ट मजेदार आहे. ओवेन मॅक्लारेन नावाचे एक ब्रिटिश इंजिनीअर होते. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची चाकं उतरताना बाहेर येतात आणि उडाल्यावर आत घडी होतात ना, त्या यंत्रणेवर त्यांनी काम केलेलं. रिटायर झाल्यावर मुलगी नातवंडाला घेऊन परदेशातून भेटायला आली, सोबत ती अवजड जुन्या स्टाइलची बाबागाडी. तिची प्रवासातली ओढाताण बघून आजोबांनी विमानाचं डोकं बाबागाडीला लावलं. ॲल्युमिनियमच्या नळ्या घेतल्या आणि छत्रीसारखी मिटणारी गाडी केली, वजन तीन किलोच्याही आत! १९६५ मध्ये पेटंटसाठी अर्ज गेला. आज आपण ज्याला ‘अंब्रेला फोल्ड’ म्हणतो ती हीच.

पण छत्रीलाही काटे असतात. बिजागरीत बोट सापडण्याचा धोका त्यातलाच. २००९ मध्ये अमेरिकेत याच मॅक्लारेन कंपनीला सुमारे दहा लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांवर बसवायला कव्हरं द्यावी लागली, कारण मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या घटना समोर आल्या होत्या. तेव्हा गाडी कोणत्याही कंपनीची असो, उघडताना-मिटताना बाळ हातभर लांब हवं.

मग किती वजनाची घ्यायची? छत्री टाइप आणि हल्लीच्या ‘केबिन’ टाइप गाड्या साधारण पाच ते सात किलोच्या असतात. थ्री-इन-वन दहाच्या पुढे. जॉगिंगवाल्या तीनचाकी गाड्याही जवळपास तितक्याच जड. या जॉगर्स दिसतात भन्नाट. मोठी हवेची चाकं, खड्ड्यातूनही सुळकन जातात. पण त्या घेऊन पळायचं असेल तर बाळ किमान सहा महिन्यांचं आणि मान पक्की धरलेलं हवं, पुढचं चाक लॉक केलेलं हवं आणि हँडलचा पट्टा मनगटात हवा. शिवाय पळायला ट्रॅक हवा. तुमचं घर तळमजल्यावर आणि समोर ग्राउंड असेल तर खुशाल घ्या. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी नुसते फोटो लाइक करावेत.

आणखी एक गोष्ट वयाची. अगदी तान्ह्या बाळाला पूर्ण आडवं झोपता येईल अशीच सीट लागते, बसकी छत्री गाडी त्याला चालत नाही. सहा महिन्यांच्या आसपास बाळ बसायला लागतं आणि मग हलक्या गाड्यांचा चॉइस एकदम वाढतो. गंमत म्हणजे नोकरी करणाऱ्या आईची २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजाही तेव्हाच संपते. म्हणजे पहिले सहा महिने झोळी, मांडी, आजीचा खांदा यांवर भागत असेल तर घाईघाईने महागडा सेट घ्यायची खरंच गरज नाही.

लाज सोडा, ट्रायल घ्या

आम्ही खरेदीला संभाजीनगरला गेलो. ताईने सोबत पाच किलोची तांदळाची पिशवी घेतली होती! दुकानदार आधी हसला, मग कामाला लागला. पिशवी सीटवर ठेवायची, बेल्ट लावायचा, गाडी ढकलायची. एका हाताने वळते का? ब्रेक चपलेने लागतो का? (बूट घालून सगळेच ब्रेक लागतात.) मग खरी टेस्ट. भाची ताईच्या कडेवर आणि उरलेल्या एका हाताने गाडी मिटवायची. दुकानदाराने जी ‘एका हाताने मिटते’ म्हणून दाखवली, तिला प्रत्यक्षात दोन हात, एक गुडघा आणि थोडी शिवी लागली. ती बाद. तिसरी मिटली. साडेसहा किलोची, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेली.

बेल्ट पाच ठिकाणी धरणारा घ्या, म्हणजे दोन खांदे, दोन्ही कंबरा आणि पायांमधून एक. नुसत्या कमरेच्या पट्ट्यातून बाळ सुळकन खाली घसरतं. चाकं हातात धरून बघा. अगदी चिमुकली, कडक प्लास्टिकची चाकं मॉलच्या फरशीवर लोण्यासारखी चालतात आणि आपल्या रस्त्यावरच्या पहिल्याच जाळीत अडकतात. जरा मोठी, फोमची चाकं आणि थोडं सस्पेन्शन असेल तर बाळाची मान हिंदकळत नाही. सीटची उंचीही बघा. गाड्यांचा धूर नेमका खाली साचतो. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सरे विद्यापीठातल्या संशोधकांनी इशारा दिला होता, की बाबागाडीतल्या बाळाला मोठ्यांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषण झेलावं लागू शकतं. जमिनीला टेकलेली गाडी म्हणूनच नको.

साध्या गाड्या तीन-चार हजारांपासून मिळतात, बऱ्या हलक्या गाड्यांसाठी त्याच्या दुप्पट-तिप्पट मोजावे लागतात आणि वर तर आकाशच आहे. युरोपातलं ‘ईएन १८८८’ हे सेफ्टी स्टँडर्ड लेबलवर दिसलं तर चांगलं. कपहोल्डर, मोबाइल स्टँड, कार्टून प्रिंट वगैरेंवर मात्र एक रुपयाही जास्त देऊ नका. हँडलला भाजीची पिशवी अडकवायचा मोहही टाळा. बाळ उचललं की गाडी मागे उलटते.

ऊन, रस्ता आणि रेल्वे

मराठवाड्यातला मे महिना म्हणजे पारा चाळीशीपार. तेव्हा गाडीला झाकण मोठं आणि मागे हवेची जाळी पाहिजेच. उन्हाचं म्हणून वरून ओढणी किंवा दुपटं टाकायची आपल्याला फार हौस. ते करू नका. आतली हवा कोंडते आणि बाळ अक्षरशः भट्टीत बसतं. चक्कर सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच.

आपल्याकडे फूटपाथ असला तर त्यावर दुकान असतं, नसला तर आपण रस्त्याच्या कडेला. तिथे समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चालायचं. स्पीडब्रेकरवर हँडल दाबून पुढची चाकं आधी उचलायची. गटारावरची जाळी किंवा उंच कड आली की गाडी फिरवून उलटी ओढायची, मोठं चाक आधी. दोन दिवसांत हात बसतो.

ट्रेनचं म्हणाल तर जालना-मुंबई वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ ला सुरू झाली, तेव्हा ती इथूनच सुटायची. गाडी उभी, आपण निवांत चढायचं, सामान लावायचं. ऑगस्ट २०२५ पासून ती नांदेडहून येते. म्हणजे जालन्याला थांबते आणि निघते! बाळ, बॅग आणि न मिटणारी गाडी घेऊन दारात उभं राहायची ही वेळ नव्हे. ताई आता प्लॅटफॉर्मवरच गाडी मिटवते, खांद्याला अडकवते आणि बाळ कडेवर.

काही ठिकाणी मात्र गाडी घरीच ठेवलेली बरी. अंबडला मत्स्योदरी देवीच्या पायऱ्या, वेरूळची लेणी, अंगारकीला राजूरच्या गणपतीची गर्दी. भाऊजींची फार इच्छा होती, अंगारकीला गाडी ढकलत राजूरला पायी जायची. रात्रीचा रस्ता, भरधाव वाहनं आणि हजारो पायी भक्त. ताईने एका वाक्यात निकाल लावला, “तुम्ही चालत जा, आम्ही घरून हात जोडतो.” अशा जागी अंगाला बांधायचं बेबी कॅरिअर कामाला येतं.

नव्या गाडीची पहिली चक्कर मोतीबागेची. मीही होते. ताईने एका खांद्यावर गाडी, दुसऱ्या कडेवर लेक असे तीन मजले एका दमात उतरले. वाटेत एका आजोबांनी थांबवून विचारलंच, “काय गं, पोरगी चालत नाही का?” ताई हसली, “सात महिन्यांची आहे काका.” तळ्याच्या कडेला पोचेपर्यंत भाची गाढ झोपली होती. आम्ही बाकावर बसून भेळ खाल्ली, वीस मिनिटं फक्त आमच्या गप्पा! साडेसातला भाऊजींचा फोन, “कुठे आहात?” ताई म्हणाली, “बाहेर.”

आणि ती बारा किलोची जंगी गाडी? अजून गॅलरीतच आहे. सासूबाईंनी तिच्या बास्केटमध्ये कांदे-बटाटे भरलेत. म्हणतात, हवा छान खेळती राहते.