लायन गेटसमोरची ‘विक्रांत’

साखर कारखान्याचा बॉयलर जवळून पाहिलेल्या निलंगेकराला विमानवाहू युद्धनौका समजायला जड जात नाही. कारखान्यात बगॅस जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं. अणुशक्तीवरच्या नौकेतही शेवटी राबते ती वाफच. पाणी तापवायला तिथे अणुभट्टी असते आणि एकदा भरलेलं इंधन वर्षानुवर्षं पुरतं.

अशी जगातली पहिली विमानवाहू नौका म्हणजे अमेरिकेची ‘एंटरप्राइझ’. आठ अणुभट्ट्या, लांबी सुमारे ३४० मीटर. नोव्हेंबर १९६१ मध्ये ती सेवेत आली आणि १९६४ मध्ये वाटेत इंधन न घेता तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच १९६१ च्या मार्चमध्ये बेलफास्टला आपली ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली. ब्रिटिशांनी महायुद्धाच्या काळात बांधायला घेऊन अर्धवट सोडलेली, आपण १९५७ मध्ये विकत घेतलेली ही नौका तेलाच्या बॉयलरवर चालायची.

दहा वर्षांनी, १९७१ च्या युद्धात, या दोघी बंगालच्या उपसागरात आल्या. ‘विक्रांत’च्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेला होता. विमान उडायचं तर धावपट्टीवर समोरून जोराचा वारा लागतो. तो बराचसा नौकेच्या वेगातून मिळतो. विमान पुढे फेकणाऱ्या कॅटपल्टलाही वाफच लागते. म्हणजे एक बॉयलर थंड पडला की दोन्हीकडून ओढाताण. तरीही ४ डिसेंबरला सकाळी तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर, तर दुपारी चितगाववर हल्ला चढवला. तिला गाठायला निघालेली पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ विशाखापट्टणमजवळ बुडाली. भारतावर दबाव आणायला धाडलेली ‘एंटरप्राइझ’ उपसागरात पोहोचेपर्यंत युद्धाचा निकाल लागल्यात जमा होता. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली.

‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून लोकांनी ती पाहिली. ते २०१२ मध्ये बंद झालं, २०१४ मध्ये ६० कोटींना ती विकली गेली आणि दारूखान्यात तोडली गेली. महाराष्ट्राने ती जपायला हवी होती, असं मी ठामपणे म्हणेन.

तिच्या पोलादातून शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी घडवलेलं स्मारक २०१६ पासून नौदल गोदीच्या लायन गेटसमोर उभं आहे. २०२२ मध्ये कोचीत दाखल झालेली २६२ मीटरची नवी ‘विक्रांत’ही अणुशक्तीवर नाही, गॅस टर्बाइनवर चालते. तिला दाखल करण्याच्या समारंभातच नौदलाला शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेल्या अष्टकोनाचा नवा ध्वज मिळाला. शेतातल्या हिरवळीतून शिवरायांचं भव्य चित्र साकारलेल्या निलंग्याला या ध्वजाचं मोल वेगळं सांगायला नको.

लातूर एक्स्प्रेसने सीएसएमटीला उतरलात, तर लायन गेट तिथून पायी जाण्याइतकं जवळ आहे. मुलांना बरोबर घेऊन जा आणि त्या तडा गेलेल्या बॉयलरची गोष्ट त्यांना तिथेच सांगा.